बसून राहिलेला हात

करवत थांबली, प्लास्टर दोन्हीकडून उकललं आणि आतला हात बघून रंगारी हादरलाच.

"मामा, पार काडी झाली की हो!"

"होणारच. दीड महिना बसून होता ना?" दवाखान्यात प्लास्टर घालणारे-काढणारे प्लास्टरमामा हसले. "मेलेला नाही तो. काम नसलं की आतल्या पेशी अंग चोरतात, बारीक होतात. काम द्या, परत भरतील. आणि वहिनी, आजपासून भरवणं बंद!"

दाराशी उभी असलेली रंगाऱ्याची बायको लाजली.

घरी आल्या आल्या मामांनी हात धुतले आणि मामींना भरवायला बसले. पक्षाघाताच्या झटक्यानं मामींची उजवी बाजू लुळी पडली होती. पुढे बोटं जराशी हलू लागली, पण तोवर मामांना सवय लागून गेली होती. वेणी, घास, पाणी, मामींना काही मागावंच लागत नसे. माहेरपणाला आलेली लेक दोन दिवस हे बघत होती. आज तिला राहवलं नाही.

"बाबा, तो चमचा आईच्या हातात द्या."

"सांडतं गं. मग तिचे डोळे भरतात. मला नाही बघवत."

"हात बघितलात तिचा? अर्धा झटक्यानं नेला, उरलेला तुम्ही घालवताय. दवाखान्यात लोकांना काय सांगता?"

"लोकां सांगे..." मामी अडखळत म्हणाल्या, "ब्रह्मज्ञान," आणि अर्ध्याच ओठांनी हसल्या.

मामांनी त्यांचं मनगट चिमटीत धरलं. हा बारीकपणा त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. प्लास्टर तेवढं दिसत नव्हतं. ते त्यांनीच घातलं होतं, मायेनं, एकेक थर देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शर्ट उघडा ठेवून मामींपुढे बसले.

"लाव."

"उशीर... होईल."

"होऊ दे."

बटण निसटलं. पुन्हा निसटलं. मामींच्या कपाळावर घाम आला, डोळेही भरले. मामांचे हात पुढे येऊ बघत होते. त्यांनी ते पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले. शेवटी एक बटण कुठल्यातरी काजात शिरलं. बाकीची मामांनी ते न सोडवता त्याच्याच हिशोबानं लावली.

दवाखान्यात नर्सबाईंनी पाहिलं आणि त्या पुढे सरसावल्या. "अहो मामा, बटणं वरखाली झालीत! थांबा, नीट करते."

मामा लहान मुलासारखे दोन पावलं मागे सरले.

"नको, नको. हिनं लावलंय," ते म्हणाले आणि छातीवर हात ठेवून उभे राहिले.