पडद्यावर दिसतं तेवढंच

चष्मेवाल्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, एक पातेलं बरेच दिवस मुक्कामाला होतं. पाऊस आला की छताच्या कडेतून त्यात टपटप सुरू व्हायची. पातेलं भरलं की बायको ते खिडकीतून बाहेर ओतायची आणि ओतताना नवऱ्याकडे बघायची. बोलायची काही नाही. पण लोकांचे डोळे तपासण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला त्या बघण्याचा नंबर बरोबर कळत होता.

शेवटी एका सकाळी ती बोललीच.

"अहो, तो तुमचा ड्रोन, तो खिशात मावणारा कॅमेरा आणि ती उभ्यानं चालवायची विजेची स्कूटर. यातल्या एकाचा तरी घराला उपयोग झालेला दाखवा. रविवारपर्यंत गळती कुठून होते एवढं शोधा. नाहीतर सगळं विकून टाकायचं. मग मी काही ऐकणार नाही."

"स्कूटर मेकॅनिककडे आहे," चष्मेवाले म्हणाले.

"त्याला म्हणावं, आता तिला सूनच करून घे. इतके दिवस सांभाळतोय."

खरं म्हणजे स्कूटर मेकॅनिककडे नव्हती. फाटकाच्या खांबाला भेटून तिचं हँडल वाकलं होतं आणि ती मागच्या शेडच्या आडोशाला निळ्या ताडपत्रीखाली पडून होती. चष्मेवाले खोटारडे नव्हते. फक्त एखादी वस्तू बिघडली की ती दुरुस्तीला गेली आहे असं त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं.

ड्रोनचंही तसंच झालं होतं. हा ड्रोन मुळात तो ड्रोन नव्हताच. पहिला वाऱ्यात सापडून घरावरून पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. चष्मेवाल्यांनी आजूबाजूची सगळी अंगणं धुंडाळली, शेजाऱ्यांच्या कुत्र्यांशी ओळखी करून घेतल्या, पण तो सापडला नाही. "दुरुस्तीला दिलाय," त्यांनी घरी सांगितलं. मग गुपचूप अगदी तसाच दुसरा आणला आणि म्हणाले, "आला बघ, नव्यासारखा करून दिलाय!"

शंका आली होती ती एकट्या नातीला. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे.

"आजोबा, याच्या पाठीवर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका काढला होता. तो कुठे गेला?"

"पुसला असेल दुरुस्ती करताना."

भिंगरीनं मान डोलावली. आजोबांवर तिचा विश्वास होता, कारण आजोबा तिला सगळं समजावून सांगत, आणि एकदा नाही समजलं तर दुसऱ्यांदा आणखी सावकाश सांगत. ड्रोनही त्यांनी तिला असाच शिकवला होता. जवळचं आणि लांबचं एकदम बघायला गेलं की त्यांचा चष्मा गोंधळायचा, म्हणून त्यांनी कामं वाटून घेतली होती. आजोबा हातात रिमोट घेऊन आकाशाकडे बघणार. भिंगरी पडदा धरणार आणि त्यावर दिसेल ते मोठ्यानं सांगणार.

"पण दिसतं ते सांगायचं हं," त्यांनी तिला बजावलं होतं. "वाटतं ते नाही. दुकानात माणसं बाकावर बसल्या बसल्या अक्षरांचा तक्ता पाठ करतात आणि डोळे तपासताना घडाघडा म्हणून दाखवतात. एक ट्रकवाला तर खुर्चीत बसायच्या आधीच शेवटची ओळ म्हणून मोकळा झाला. मी त्याला तक्ता उलटा करून दाखवला, तरी तीच ओळ! अशानं चष्मा चुकतो, आणि तो माणूस गाडी घेऊन रस्त्यावर जातो. म्हणून दिसेल तेवढंच सांगायचं. नाही दिसलं तर नाही म्हणायचं."

रविवारी सकाळी सगळे अंगणात जमले. बायको पातेलं हातात घेऊनच उभी होती. तिचा भाऊ शिडी घेऊन आला होता.

"भाऊजी, मी दोन मिनिटांत वर चढून बघतो की."

"शिडी जुन्या काळची गोष्ट झाली," चष्मेवाले म्हणाले. "बाजूला लावून ठेव."

"ठेवतो. तुमचं पाखरू वर अडकलं तर लागेल."

ड्रोन गुणगुणत उठला, अंगणात थोडा डुलला आणि छपराच्या कडेपर्यंत गेला. चष्मेवाले मान वर करून, जीभ दाताखाली धरून रिमोट हलवत होते. आज त्यांच्या सगळ्या छंदांचा निकाल होता.

"बोल, भिंगरी."

"छप्पर. पन्हळ. पन्हळीत पानं. आणखी पानं. पानांच्या मागे पाणी साचलंय."

"बघा!" चष्मेवाले ओरडले. "पन्हळ तुंबलीय. पाणी मागे फिरून स्वयंपाकघरात उतरतंय. सापडली गळती! शिडी लागली का?"

मेहुण्यानं हात जोडले. बायकोनंसुद्धा पातेलं खाली ठेवलं. आता ड्रोन उतरवला असता तर सगळं तिथंच गोड झालं असतं. पण चष्मेवाल्यांना आणखी थोडं कौतुक हवं होतं.

"कशानं तुंबलीय तेही सांगतो. थोडं पुढे घेतो. बोल, भिंगरी."

"पानं. काटक्या. आणि... आजोबा, तिथं आरसा आहे का?"

"पन्हळीत कसला आरसा?"

"मग आपलाच ड्रोन मला कसा दिसतोय?"

चष्मेवाल्यांचे अंगठे थिजले. वर ड्रोन जागच्या जागी गुणगुणत राहिला.

"पाण्यात प्रतिबिंब पडलं असेल," ते म्हणाले. "नीट बघ."

भिंगरीनं नाक पडद्याला लावलं. "प्रतिबिंब नाही. याचा एक पंख मोडलाय. आणि पाठीवर..." ती थांबली. तिनं आजोबांकडे बघितलं. "आजोबा, वाटतं ते सांगू की दिसतं ते?"

चष्मेवाल्यांना एक छंद वाचवायचा होता, आणि त्यासाठी 'वाटतं' हा एकच शब्द पुरेसा होता. पण तो शब्द त्यांनीच या पोरीला इतक्यांदा समजावून, इतक्या सावकाश चुकीचा म्हणून शिकवला होता की तोंडातून बाहेर येईना.

"दिसतं ते," ते हळूच म्हणाले.

"लाल ठिपका!" भिंगरी किंचाळली. "माझा ठिपका!"

मेहुणा एव्हाना शिडीवर होता. त्यानं पन्हळीतून कुजक्या पानांचा लगदा उपसला आणि त्यातून चार पंखांचं, चिखलानं माखलेलं पाखरू शेपटीला धरल्यासारखं वर उचललं. पाणी गडगडत पाइपातून खाली धावलं.

"भाऊजी, दुरुस्तीवाल्याचं दुकान फार उंचावर काढलंय हो!"

बायकोनं दोन्ही ड्रोन ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं.

"गळती केली यानं," ती म्हणाली, "आणि शोधली यानं."

"म्हणजे फिट्टंफाट," चष्मेवाले आशेनं म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. मी शब्द दिलाय, तेव्हा ड्रोन राहील. पण यापुढे उडवणार भिंगरी. तुम्ही पडदा धरायचा आणि दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. मला आत ऐकू आलं पाहिजे."

संध्याकाळी भिंगरीनं रिमोट हातात घेतला. तिचा हात आजोबांपेक्षा स्थिर होता, आणि हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. ड्रोन छपरावर चढला.

"बोला, आजोबा."

"पन्हळ. रिकामी," चष्मेवाले स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडले. "मागचं अंगण. दोरीवर टॉवेल. शेड."

मग ते गप्प झाले.

"अहो, आवाज बंद झाला!" आतून बायको म्हणाली.

"निळी ताडपत्री!"

"तिच्याखाली काय आहे?"

इथं जन्मभराचा नियम चष्मेवाल्यांच्या मदतीला धावला. "ते पडद्यावर दिसत नाही! दिसतं तेवढंच सांगायचं असतं!"

आत पातेल्यावर झाकण आदळलं. मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

"आता काय दिसतंय, आजोबा?"

चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. नियम तो नियम.

"तुझी आजी. ताडपत्रीकडे चाललीय. आता तिनं कोपरा धरलाय."

"ड्रोन आणखी खाली घेऊ? नीट दिसेल."

"नको," चष्मेवाले म्हणाले. "इथूनही स्वच्छ दिसतंय."