आधी घाम

"आधी घाम, मग हरभरा!" मडिवाळप्पा गुरुजी ओरडले आणि पातेल्यावरचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. "गुरम्मे, आजबी उशीर? दोन फेऱ्या जास्तीच्या मार."

गुरम्मा पळायला लागली.

लातूर जिल्हा नवा होता, त्यामुळे कचेरीतला उत्साहही नवा होता. उदगीरच्या पोरापोरींनी संध्याकाळी मैदानावर खेळावं आणि चहा-बटर सोडून मोड आलेले हरभरे नि गूळ खावा, अशी योजना निघाली. पाऊस मात्र कचेरीचं ऐकायला तयार नव्हता. हरभरे भिजवायचं पाणीसुद्धा गुरुजी घरच्या रांजणातून आणत आणि बायकोची बोलणी खात.

गुरुजी जुने पैलवान. अंग भिजल्याशिवाय खुराकाला हात लावायचा नाही, हा आपल्या रेवणप्पा वस्तादांचा नियम त्यांनी तालमीतून उचलून जसाच्या तसा मैदानावर आणला होता. गळ्यातून छातीवर रुळणाऱ्या इष्टलिंगाला हात लावून ते पोरांना सांगत, "आपण लिंगपूजेआधी तोंडात काही घालतो का? तसा घाम ही तुमची पूजा."

पोरं ऐकून सोडून देत. गुरम्मानं मात्र ते मनावर घेतलं होतं. खो-खोत तिच्यासारखी चपळ पोरगी उदगिरात नव्हती. पुढच्या आठवड्यात लातूरला जिल्ह्याचा संघ निवडणार होते आणि गुरुजींचा सगळा जीव त्या निवडीत अडकला होता.

जास्तीची दुसरी फेरी सुरू झाली आणि गुरम्मा खांबाला हात लावायला म्हणून वाकली, ती उठलीच नाही.

मैदानालगतच्या टँकरच्या रांगेतून तिची आई शिवकांता धावत आली. कमरेवर भरलेली घागर तशीच होती. त्यातलं पाणी तिनं लेकीच्या तोंडावर मारलं, दोन घोट पाजले. गुरम्मानं डोळे उघडले.

"हिनं सकाळपासून खाल्लं काय?" गुरुजींनी विचारलं.

"काय खाईल? मैदानावर मिळते म्हणती, अन् आपली भाकर धाकट्याला देती." शिवकांताचा आवाज चढला. "सकाळधरनं विहिरीच्या खेपा करायलंय लेकरू. त्यो घाम चालत न्हाई का तुमच्या हितं, गुरुजी?"

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज उशीर का होतो, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजायच्या आधीच पातेलं उघडलं. "आधी खा रे, मग खेळू," गुरुजी म्हणाले. पोरं तुटून पडली. गुरुजींनी एक वाटी भरून बाजूला ठेवली.

गुरम्मा उशिरानंच आली. चुंबळीनं दबलेले केस अजून तसेच होते. गुरुजी स्वतः वाटी घेऊन पुढं झाले.

"खा गं माय. काल चुकलो मी."

गुरम्मानं हरभऱ्यांकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

"अजून घाम न्हाई आला, गुरुजी."

"त्यो नियम मोडला मी. खा."

"तुम्ही पूजेआधी खाताव का?"

गुरुजींचा हात छातीवर गेला. कितीतरी वर्षांत त्यांनी पूजेआधी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. या पोरीशी खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

"न्हाई," ते म्हणाले.

गुरम्मानं परकर खोचला आणि पळायला सुरुवात केली.

"गुरम्मे, थांब! हळू गं!"

ती थांबली नाही. तिला लातूरला जायचं होतं. मग एका हातात वाटी धरून, दुसऱ्यानं धोतर सावरत, मडिवाळप्पा गुरुजी तिच्यामागं पळू लागले.