जिन्यातून केलेली जोडणी

सासऱ्यांच्या कानातलं यंत्र ब्लूटूथने कॉम्प्युटरला जोडलं, तरच त्यांना दूरदेशीच्या लेकीचं बोलणं नीट ऐकू येतं. कॉम्प्युटर जुना, माउसने हे काम होईना, म्हणून दुरुस्तीवाल्याने मला काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायला शिकवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते माझंच काम. ह्यांनी त्यात कधी बोट घातलं नाही.

आईची अखेरची घटका आली तेव्हा मी तिच्यापाशी दवाखान्यात होते. गुरुवारी संध्याकाळी माझं मौनव्रत असतं, आणि तो गुरुवारच होता. तिचा हात धरून मनात जप चालू होता. तिचे ओठ हलत होते, काहीतरी सांगायचं होतं तिला. एवढ्यात ह्यांचा फोन. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. शेवटी नर्सबाई म्हणाल्या, "घ्या बाहेर जाऊन. मी बसते."

जिन्यात जाऊन मौन मोडलं.

"अगं, ब्लूटूथच्या यादीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची ढीगभर यंत्रं दिसत होती. रिमूव्ह करून सगळी झाडून काढली. आता बाबांचं लागेना."

"त्यांचंही काढलंत. त्याला नाव नाही, नुसते आकडे आहेत."

"मग सांग ना. ताई ताटकळलीय, बाबा माझ्यावर डाफरताहेत."

"अहो, आई इथे..."

"माहितीये गं. तू सांग, मी लिहितो. किती वेळ लागणार?"

यंत्राची बॅटरी काढून घालायला सांगितली. मग स्कॅन ऑन. आकडे मला पाठ होते, सावकाश सांगितले.

"कनेक्ट होत नाही."

"आधी पेअर केलंत का?"

"तेच ना ते?"

"नाही हो. आधी पेअर, मग ट्रस्ट, मग कनेक्ट."

"तुझी व्रतं परवडली, पण ह्याचे सोपस्कार नकोत बाई."

पलीकडून सासऱ्यांचा आवाज आला, "आलं, आलं. बोल बाळ." फोन बंद झाला.

आत गेले तर नर्सबाई आईच्या डोळ्यांवर हात फिरवत होत्या. "तुम्हाला हाक मारली त्यांनी," म्हणाल्या. "पुढचं मला समजलं नाही."

घरी भेटायला आलेल्यांना सासरे सांगत होते, "पोराने एकट्याने जोडलं बरं का, ही नव्हती तरी." हे मान खाली घालून हसत होते.

संध्याकाळी ह्यांनी माझ्यासाठी कॉम्प्युटरपुढची खुर्ची ओढली. "बस. ताईचा फोन येईल."

"तुम्हाला येतं की आता," मी म्हटलं.

खुर्ची रिकामीच राहिली. वन्संचा फोन वाजू लागला, सासरे माझ्या नावाने हाका मारू लागले. मी आत जाऊन दार लोटून घेतलं.