डाव्या पायाची करंगळी

"डोळे मिटा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टोचलं तर 'हो' म्हणायचं, नाहीतर 'नाही'."

नॉर्विनने डोळे मिटले. शाळेची दोन बाकं जोडून त्याला उताणं निजवलं होतं. उशाशी त्याची बायको डेल्मा केळ्याच्या लापशीचा डबा धरून उभी होती.

"आता?"

"हो." टाचणी छातीवर होती.

"आता?"

"नाही."

कमरेखाली नुसता बाईंचा आवाज उतरत गेला. सहा वर्षांपूर्वी शेवंडांच्या मागे खोल बुड्या मारत दिवसाला चौदा टाक्या हवा संपवून तो झटकन वर आला, आणि संध्याकाळपर्यंत पाय गेले. आई म्हणे, समुद्रातल्या लीवाबाईने धरलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पहिलं कारण लिहिलं होतं, झटकन वर येण्याचं.

राजधानीत सहा जणांच्या कण्यावर विजेचं यंत्र बसवून पाहणार होते. "याने बरे व्हाल असं मी म्हणत नाही. आम्हाला शिकायचंय," असं बाईंनी दोनदा बजावलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आणि प्रत्येकजण मनात चालायला लागला होता.

व्हरांड्यात चाकांच्या खुर्च्यांची रांग होती. रांगेतल्या चेस्लोने तिथेच त्याला पढवलं होतं.

"येड्या, जरासं कळतं म्हणालास तर घरी पाठवतील. त्यांना साफ मेलेले पाय हवेत. मागच्या वेळी माझे मेले जिवंत निघाले!"

अख्खी रांग हसली होती.

"आता?"

डाव्या पायाच्या करंगळीत काहीतरी झालं. टोचणं नव्हे. लांबच्या घरात कुणी दार लोटावं, तेवढंच.

बोटीवर सांधे दुखतात म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरवत नसत, म्हणून कुणी म्हणतच नसे. जीभ त्या वळणाची झाली होती.

"नाही," तो म्हणाला.

बाई थांबल्या. पुन्हा तिथेच.

"आता?"

"नाही."

"ठीक. तुम्ही या प्रयोगात बसता. सही उद्या केलीत तरी चालेल, घरी बोला."

"आजच करतो."

बाहेर चेस्लोने हाक मारली. "काय रे, मेलेले ना?"

"साफ!"

रांगेने टाळ्या पिटल्या. डेल्मा हसली नाही. तिने खुर्ची शाळेमागे, खाडीच्या बाजूला ढकलत नेली. तिथे खाली बसून तिने त्याच्या डाव्या पायातली चप्पल काढली.

"मी तुझ्या तोंडाकडे बघत होते," ती म्हणाली. "कोणतं बोट?"

"करंगळी."

तिने करंगळी चिमटीत धरली.

"आता?"

त्याने डोळे मिटले. सगळं लक्ष गोळा करून तिथे नेलं, ते बोट जिथे असायला हवं तिथे. खाडीत एक मोटरबोट लांब जात होती.

"नाही."

"माझ्याशी तरी खरं बोल."

"नाही गं, डेल्मा. खरंच नाही."

तिने आणखी जोरात दाबलं.