अंगणातली होडी

मी एक जुनी होडी आहे आणि गेल्या भातकापणीपासून कोरड्या अंगणात आहे.

हसू नका, मित्रांनो. होडी अंगणात ठेवणे म्हणजे मासा फांदीला टांगणे, हे मलाही कळते.

केरळातल्या कुट्टनाडच्या कालव्याकाठी एका सुताराने फळ्या काथ्याने शिवून मला घडवले. अंगात एकही खिळा नाही. माझा मालक वर्कीच्चन बदके राखायचा. कापलेल्या शेतांत बदके दिवसभर चरायची. दिवस कलला की तो माझ्यात उभा राहून, लांब काठीने पाणी थोपटत, सगळा थवा, मागे राहणाऱ्या लंगडीसकट, घराकडे वळवायचा. ‘वर्कीची होडी पाण्याला जागे करत नाही,’ असे लोक म्हणायचे.

पुढे बदके विकली. मी काठाला बांधलेली राहिले, शेवाळ धरले. वर्कीच्चन म्हातारा झाला आणि त्याच्या डोक्यातले

(इथे मला फट आहे. तिच्याविषयी सांगेनच.)

दिवस-रात्र उलटेपालटे झाले. दुपारभर झोपायचा, रात्री घरभर फिरायचा. ऊन उतरले की घालमेल सुरू. बदके शेतातच राहिली म्हणायचा. ती विकली, असे मुलगी लीलाम्मा समजावी, तर तिलाच चोर ठरवायचा. एका तिन्हीसांजेला त्याने माझी दोरी सोडली आणि तोल जाऊन कालव्यात पडला. शेजाऱ्यांनी ओढून काढला.

जावई जोमोन म्हणाला, “होडी फोडून चुलीत घालू. म्हातारा तरी वाचेल.”

“आणि उद्या पोहत निघाला म्हणजे? कालवा पण चुलीत घालणार?” लीलाम्मा म्हणाली.

तिने मला अंगणात आणवले. डॉक्टरांनी तिला सांगितले होते : वाद घालू नका, अंधाराआधी दिवे लावा, दिवसा उन्हात बसवा. तिने दिवे लावले, वडिलांना माझ्यात बसवले, हाती काठी दिली. तो माती थोपटू लागला, बदकांना साद घालू लागला.

“आली का गं सगळी?”

लीलाम्माला खोटे बोलणे जमेना. तेव्हा दारातून जोमोन म्हणाला, “आली, अप्पच्चा. ती लंगडी पण आली. खुराडं लावलं मी.”

वर्कीच्चनने काठी खाली ठेवली. त्या रात्री तो तांदळाची कंजी पिऊन निजला.

पण पाण्याविना माझे लाकूड सुकले, पोटात फट पडली. एका सकाळी त्याचा हात तिच्यावर थांबला. मुलीचे नाव त्याला आठवत नव्हते, फट मात्र ओळखीची निघाली. त्याने काथ्या मागितला, मासळीचे तेल मागितले. आता उन्हात बसून तो रोज मला तेल चोळतो. दुपारची झोप सुटली, म्हणून रात्रीची थोडी परत आली. थोडीच. आजार आहेच. काही रात्री लीलाम्मा अजूनही त्याच्यामागे चालत असते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी संध्याकाळी हरवलेले काही शोधत असेल, तर ते नाहीच असे सांगू नका. आधी दिवा लावा. मग जवळ बसा.

मी आता पाण्यात जाणार नाही. पण रोज दिवस कलताना एक माणूस माझ्यात बसतो आणि स्वतःच्याच अंगणातून घरी पोहोचतो.