जयरामाचा बाबू

सरोजिनी केनीने एकतीस वर्षे सरकारी दप्तरखान्यात काढली. गावभरच्या लोकांच्या नोंदी जुळवून दिल्या, आणि स्वतःच्या बापाची नोंद हाती धरली ती निवृत्तीनंतर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिचे वडील बाबू नायगावच्या खाडीकाठी जन्मले, एवढे नक्की. जमिनीच्या फेरफारात ते एकनाथाचे पुत्र, शाळेच्या दाखल्यावर मात्र शेजारच्या जयरामाचे. आणि एकनाथाची बायको रुक्मिणी, म्हणजे सरोजिनीची आजी, मरेपर्यंत त्यांना 'जयरामाचा बाबू' म्हणायची. 'माझा' कधी म्हणाली नाही. आपण नकोसे होतो, कुठून तरी उचलून आणलेले, असे बाबूंनी जन्मभर धरले होते. हा सल घेऊनच ते गेले.

"जाऊ दे ना, ताई," धाकटा भाऊ यतीन म्हणायचा. "उकरलंस तर वाईटच निघणार."

भीती तिलाही तीच होती. पण कागदांनी आपल्याच घरात आपल्याला फसवावे, हे तिला सहन होईना.

जन्माच्या नोंदी तिच्या तीनदा पाहून झाल्या होत्या. चौथ्या खेपेला वैतागून तिने मृत्यूची वही मागितली. एकनाथाचा मुलगा, वय बारा दिवस. एकनाथाचा मुलगा, वय दोन महिने. एकनाथाचा मुलगा, वय नऊ दिवस. पाच वर्षांत तिघे, आणि मग बाबू. वही परत करून ती तडक जयरामाच्या घरच्यांकडे गेली.

जयरामाची सून मथुरा आता नव्वदीची. मुलांनी तिला टॉवरच्या आठव्या मजल्यावर नेऊन बसवले, तरी खाली कोण कोणाकडे गेले याची खबर ती ठेवायचीच.

"तीन गेले म्हनून चौथा विकला," ती म्हणाली. "सुपभर कोंड्यावर, माझ्या सासऱ्याला. पोर तुज्या आजीकडंच, दूध तिचंच, पन नाव आमचं. शाळेत पन सासऱ्यानंच आपलं नाव लावलं. एकनाथाच्या घरात पोर हाय, ह्ये मरनाला कळायला नको."

"मग परत नाही घेतलं?"

"लग्नात घ्यायचं असतं. तोच कोंडा परत द्यायचा न पोर आपलं म्हनायचं. मी डोल्यांनी बघितलं. सूप भरून ठेवलेलं, सासरा उभा. तुजी आजी मागं सरली ती चुलीपाशी जाऊन बसली. बोलली, जयरामाचाच ऱ्हाऊ दे, पन जिता ऱ्हाऊ दे."

सरोजिनीला रडू कोसळले. छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि बाबू हे ऐकायला नव्हते याचा रागही आला.

"काकी, माझ्या वडिलांना तरी सांगायचं होतंत. जन्मभर झुरले ते."

"सांगितलं की मोडतं. तुज्या आजीनं मरताना वचन घेतलेलं माझ्याकडून." मथुराने पदराने तिचे डोळे पुसले. "एक्याऐंशी वर्सं जगला ना तुजा बापूस? मग."