चौथ्या मजल्यावरची हाक

संघमित्रा वादात सहसा हरत नसे, आणि तेवढाच तिचा दोष होता. खारघरच्या त्यांच्या सोसायटीत मासेवाल्यांना बंदी घालायचा अर्ज आला, तेव्हा तिने नियम चाळून तीन पानी उत्तर तयार केलं. दिवाळे कोळीवाड्याची जमुनामावशी वीस वर्षं या इमारतीत टोपली घेऊन दारोदार फिरत होती. इथली गिऱ्हाइकं तुटली तर तिचं घर कशावर चालणार, याचा विचार करायला कमिटीला सवड नव्हती. मीटिंग रविवारी होती.

अर्ज चौथ्या मजल्यावरच्या पंढरीकाकांचा होता. मासळीच्या वासाने डोकं उठतं, असं त्यांनी लिहिलं होतं. संघमित्रा शनिवारी त्यांच्याकडे गेली ती भांडायच्या तयारीनेच. काकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, ओट्यावर पार्सलचे रिकामे डबे. शेवंतीकाकूंना जाऊन दोन महिने झाले होते. तिची तीन पानं पर्समध्येच राहिली.

"काका, तुमच्याकडे तर मावशीचीच मांदेली यायची," ती म्हणाली. "वास आत्ताच कुठून आला?"

काकांनी उघड्या दाराकडे बोट दाखवलं.

"वास नाही गं. ती दारात येऊन शेवंतीला हाक मारते."

पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून जमुना दोन महिने इकडे फिरकली नव्हती. काकू त्याच दिवसांत गेल्या. ती परत आली तेव्हा प्रत्येक बिऱ्हाडाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी तिला सांगितलं असेल. संघमित्रालाही तसंच वाटलं होतं. आता तिला स्वतःची लाज वाटली.

जमुना तेव्हा दुसऱ्या मजल्यावर होती. संघमित्राने तिला सगळं सांगितलं, तशी टोपली उतरवून ती जिन्यातच बसली. शेवंतीताई रुसल्यात, म्हणून दार उघडत नाहीत, असं ती धरून चालली होती.

मग ती स्वतःच वर गेली. या खेपेला तिने नुसती बेल वाजवली.

"मना कोनी सांगलाच नाय, दादा," ती म्हणाली आणि रडू लागली. "माझे पोरीचे बालंतपनाला डिंकाचे लारू घेऊन आलती ती. आता नाय मारनार हाक."

काकांना त्या लाडवांचा पत्ताच नव्हता. ते तिच्यासमोर उंबऱ्यापाशी खाली बसले. त्यांचा मुलगा परदेशातून फोन करी आणि जेवलात का, एवढंच विचारी. शेवंतीसाठी रडणारं दुसरं माणूस त्यांना आजच भेटलं होतं.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. अर्ज मागे घेतो, असं संघमित्राला सांगितलं आणि जमुनेकडे वळले.

"हाक मारायचं थांबवू नकोस. या घरात तिचं नाव घेणारं आता कोणी नाही."